जंगलाच्या पडद्यावरचा दगड

झाशीत पेंटरला घोडा काढता आलाच पाहिजे. दुकान दुधाचं असो की दवाखाना दातांचा, पाटीच्या कोपऱ्यात घोडा आणि त्यावर तलवार उगारलेली राणी लोकांना हवीच असते. यज्ञेश्वरनं असे किती घोडे काढले असतील, त्याचा त्यालाच पत्ता नाही. मानिक चौकातून जाताना तो मान वर करून त्यांच्याकडे बघतही नसे. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "इंदूताई, घोडे बघायला लागलो तर घरी कधी पोचू?"

लक्ष्मी गेटच्या आत, डाव्या हाताच्या गल्लीत त्याचं घर. खाली दुकान, वर दोन खोल्या, त्यावर गच्ची. बोर्ड रंगवण्याचं काम कमी झालं तेव्हा तो कानपूरला जाऊन टी-शर्ट छापायला शिकून आला. लाकडी चौकटीवर बारीक जाळी ताणायची, जाळीत चित्र उतरवायचं, ती कापडावर ठेवून रबरी पट्टीनं शाई ओढायची. जाळी नवी असली की पहिला हात कोऱ्या शर्टावर मारत नाहीत. त्यासाठी दुकानात एक जुनी चादर खिळ्याला टांगलेली असे. सोळा-सतरा वर्षं प्रत्येक जाळीचा पहिला हात तिच्यावर पडला होता. शाळांचे बिल्ले, क्रिकेटच्या टीमा, लग्नाचे गणपती, चिरगाँवच्या बसवाल्यांचं चाक, निवडणुकीतल्या खुणा, सगळं एकावर एक. एकही चित्र धड दिसत नव्हतं, पण चादरीवरून नजर हलत नसे. यज्ञेश्वर तिला "ट्रायलवाली" म्हणे आणि हात पुसायलाही तीच वापरी.

माझी आणि त्याची ओळख पडद्यामुळे. तरुणपणी मी सहा वर्षं ग्वाल्हेरच्या एका नाटक कंपनीबरोबर हिंडले. कंपनी मोडली तशी झाशीला परत आले आणि आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात दरवर्षी एक नाटक करू लागले. त्या नाटकांचे पडदे यज्ञेश्वर रंगवायचा. राजवाडा, रस्ता, देऊळ, जंगल. समोर टाळ्या मला पडत आणि पाठीशी त्याची झाडं उभी असत. नटाला आपल्या पाठीमागचं दिसत नाही. मला ते एकदाच दिसलं, आणि तेच सांगायला ही लेखणी हातात घेतली आहे.

साल पासष्ट. यज्ञेश्वर सतरा वर्षांचा. त्याचे वडील अनंतराव इथल्या मराठी घरांतून पूजाअर्चा सांगत. त्यांना दोन मुलगे, थोरला यज्ञेश्वर आणि दोन वर्षांनी धाकटा विद्याधर. विद्याधरनं वाटेत एक-दोन इयत्ता ओलांडल्या, त्यामुळे दोघं भाऊ हायस्कूलच्या, म्हणजे दहावीच्या, परीक्षेला एकदमच बसले. धाकटा प्रथम श्रेणीत आला. थोरला नापास झाला. अनंतराव वाईट माणूस नव्हते, पण आलेल्या-गेलेल्याला हसत हसत सांगायचे, "देवानं एकाला डोकं दिलं, दुसऱ्याला नुसता हात दिला." यज्ञेश्वर तिथंच पाण्याचे पेले घेऊन उभा असायचा.

आमच्या मंडळात गणपतीच्या पाचव्या दिवशी गुणगौरव होतो. परीक्षेत चमकलेल्या मुलांना आरतीनंतर स्टेजवर बोलावतात, नारळ आणि स्टीलची वाटी देतात. त्या काळी स्टेजच्या कपाळावर एक कापडी फलक लागायचा. वर लाल रंगात प्रथम श्रेणीवाले, खाली निळ्यात द्वितीय, त्याखाली हिरव्यात तृतीय. नापासांसाठी रंग नव्हता.

त्या वर्षी अनंतराव म्हणाले, "यज्ञ्या, तुझं अक्षर चांगलं. फलक तूच रंगव."

त्यानं रंगवला. 'विद्याधर अनंतराव, प्रथम श्रेणी' ही ओळ तर अशी काढली, की लाल अक्षराला पिवळी किनार आणि किनारीला करडी सावली. बायका म्हणाल्या, "बघा गं, केवढं मन आहे पोराचं." मी त्याला विंगेत गाठून म्हटलं, "यज्ञेश्वर, काय सुरेख केलंस रे!" तो फलकाकडे डोळे बारीक करून म्हणाला, "अक्षर बरं आहे." पुढे माझ्या लक्षात आलं की स्वतःच्या असो वा दुसऱ्याच्या, कामाला याहून मोठी दाद त्याच्याकडे नव्हतीच.

त्याच पंधरवड्यात त्यानं जंगलाचा नवा पडदा रंगवला होता. माझं काम वनवासातल्या राणीचं. तिसऱ्या अंकात मी उजव्या कोपऱ्यात, वडाच्या बुंध्याशी बेशुद्ध पडायचे आणि पुढची सात मिनिटं दोन राक्षस माझ्यावरून भांडायचे. तोंड पडद्याकडे. मी पडले, आणि माझ्या नाकासमोर बुंध्याजवळ एक लिंबाएवढा दगड आला. त्यावर तिळाएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'यज्ञेश्वर अनंतराव, प्रथम श्रेणी.'

मागे राक्षस ओरडत होते. बेशुद्ध राणीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. प्रेक्षकांकडे पाठ होती म्हणून निभावलं.

मी हे कुणाला सांगितलं नाही. त्यालाही नाही. विंगेतली गोष्ट विंगेत ठेवायची, असं आम्हांला कंपनीत शिकवलं होतं.

तो पुन्हा परीक्षेला बसला नाही. विद्याधर इंजिनिअर होऊन भोपाळला गेला. यज्ञेश्वर दरवर्षी फलक रंगवत राहिला. एकाचंही नाव चुकलं नाही, एकाचीही श्रेणी इकडची तिकडे झाली नाही. त्याचं लग्न अनुसूयेशी झालं. ही बाई बोलायला बसली की मोठमोठ्या नटांनी कपाळाला हात लावावा. बऱ्याच वर्षांनी त्यांना मुलगी झाली. बकुळ.

आता बकुळची गोष्ट. आमच्या नव्या पिढीला मराठी कळतं, पण तोंडातून हिंदी निघतं. नाटकात "मी निघालो, आई" म्हणायचं तिथे पोरगा हमखास "मैं चला" म्हणतो आणि समोरच्या म्हाताऱ्या हसून हसून लोळतात. बकुळ मात्र घडाघडा मराठी वाचायची. बारा वर्षांची असल्यापासून ती विंगेत संहिता घेऊन उभी राहायची. सगळ्यांची वाक्यं तिला पाठ. कुणी अडला की तिचा आवाज बरोबर त्याच्याच कानात पोचायचा, पहिल्या रांगेला पत्ताही लागायचा नाही. मी मोठमोठ्या कंपन्यांचे प्रॉम्प्टर पाहिलेत. हे शिकवून येत नाही.

दोन हजार दोन साली बकुळ इंटरला, म्हणजे बारावीला, गणितात नापास झाली.

जूनपासून तिनं गल्लीत पाऊल टाकलं नाही. दुकानात बापाच्या हाताखाली काम करायची, गिऱ्हाईक आलं की जिना चढून वर. नाटकाची तालीम सुरू झाली, ती आली नाही. निरोप धाडले, आली नाही. अनुसूया मला म्हणाली, "इंदूताई, आधी रडायची तर बरं होतं. आता रडतही नाही. वर्षभराचं पापड-कुरडई झालं, घरातले सगळे डबे घासून झाले. आता पुढल्या जन्मीचे घासेल."

अशात मंडळाचे सेक्रेटरी जनार्दनराव, रेल्वेतून निवृत्त झालेले, दुकानात आले. मी तिथंच बसले होते, नाटकाच्या पाटीसाठी.

"यज्ञेश्वर, यंदा फलक नको. पोरं म्हणतात, बैनर कौन देखता है? टी-शर्ट हवेत. नऊ गुणवंत, नऊ टी-शर्ट. छातीवर लिहायचं 'जीनियस'."

"लिहू की."

"आणि वर तो म्हातारा काढ. शास्त्रज्ञ. केस असे पिंजारलेले, जीभ बाहेर."

"जीभ बाहेर? सत्काराला?"

"अरे भैया, जगातला सगळ्यात हुशार माणूस तो! हल्ली ज्याच्या त्याच्या छातीवर तोच असतो."

जिन्यावरून अनुसूयेचा आवाज आला, "आमच्या घरी जीभ काढली की पाठीत धपाटा मिळतो. म्हणून तर अजून कुणी जीनियस निघालं नाही."

जनार्दनराव हसले. मग खुर्ची पुढे ओढून हळूच म्हणाले, "बकुळचं ऐकून वाईट वाटलं रे. तुला हे काम सांगायला जड जातंय. पण दुसरीकडे दिलं तर लोक म्हणतील, मुलगी नापास झाली म्हणून यज्ञेश्वरनं नाही म्हटलं."

"मी कशाला नाही म्हणू?" यज्ञेश्वर म्हणाला. "ठेवून जा नावं."

दोन दिवसांनी मी पुन्हा गेले. खरं तर बकुळला तालमीला ओढून न्यायला. ती जाळीवर वाकून शाई ओढत होती. ट्रायलवालीवर, घोडा आणि बसचं चाक यांच्या मधोमध, तो जीभ काढलेला म्हातारा उमटला होता.

"इंदूआत्या, बघ जीनियस," ती म्हणाली. "कवळी काढून ठेवलेले जनार्दनकाका वाटतात की नाही?"

मी हसले. तीही हसली, पण हात थांबला नाही.

"बकुळ, तालमीला ये गं. पोरं अडखळतायत."

"वाचायला काय, कुणीही उभं करा."

"कुणाला? तुझ्याशिवाय वाचतं कोण?"

"मग पाचव्या दिवशी गुणवंतांच्या समोरून जाऊन विंगेत उभी राहू?" ती शांतपणे म्हणाली. "त्यांचे शर्ट छापते आहे ना. तेवढं पुरे." रबरी पट्टी फडक्यानं पुसून तिनं जागेवर ठेवली आणि ती वर निघून गेली.

मी यज्ञेश्वरकडे वळले. "तिच्याच हातून छापून घेतोस? जरा तरी..."

"मग? मी नाही का फलक रंगवला होता? भावाचं नाव, वर लाल रंगात?" तो शाईचा डबा बंद करत म्हणाला. "मला काय झालं? काम केलं, मोकळा झालो. तिलाही जमेल. उगाच गोंजारत बसलं की माणूस जास्त खचतं."

त्यानं हे इतक्या सहज म्हटलं, की मला कळलं, हा खोटं बोलत नाही. तो विसरला होता. सदतीस वर्षांपूर्वी आपण त्या झाडाखाली काय लिहून ठेवलं ते हा भला माणूस खरोखर विसरला होता, आणि त्या विसरण्यालाच बरं होणं समजत होता. तेच औषध आता मुलीला देत होता.

मी दिवसभर घरात येरझारा घातल्या. विंगेतली गोष्ट विंगेत ठेवायची. पण विंगेतच कुणी घुसमटत असेल तर? दुसऱ्या दिवशी दुपारी मी मंडळाची कोठी उघडवली, जंगलाचा पडदा बांबूसकट दोन माणसांच्या खांद्यावर दिला आणि स्वतः पुढे चालत यज्ञेश्वरच्या दारी आले. गल्लीतला पानवाला म्हणाला, "काए अम्मा, जंगल कहाँ लए जा रईं?"

"पेंटरच्या गच्चीवर," मी म्हटलं.

गच्चीवर पडदा उलगडला. रंगाचे पोपडे निघाले होते, एका फांदीवर बुरशी होती. यज्ञेश्वर म्हणाला, "याची डागडुजी यंदा कशाला? बालनाट्य तर आहे."

"बालनाट्यात जंगल आहे," मी म्हटलं. "बकुळ, तू इकडे ये. या वडापाशी आडवी हो. इथे, उजवीकडे. मी पासष्ट साली अशीच पडले होते."

"आत्या, उन्हात?"

"राणी उन्हात पडली होती. हो आडवी."

ती हसत हसत आडवी झाली. आधी काही दिसलं नाही. मग तिनं बोटानं धूळ झटकली. बराच वेळ ती उठलीच नाही.

"बाबा," ती तशीच पडल्या पडल्या म्हणाली, "हे तुम्ही लिहिलंय?"

यज्ञेश्वर गुडघ्यावर टेकला, चष्मा कपाळावर चढवला आणि दगडाशी नाक नेलं. त्यानं वाचलं. मी खूप नट पाहिलेत, स्टेजवर म्हातारे होणारे. चार शब्द वाचता वाचता सतरा वर्षांचा झालेला तो एकटाच.

"मी... हे पुसायचं ठरवलं होतं," तो म्हणाला. "नाटक झाल्यावर. राहून गेलं."

"एवढ्या बारीक अक्षरांत?"

"मोठं लिहिलं असतं तर त्याच दिवशी पुसायला लावलं असतं."

"मला काय झालं, म्हणत होता ना तुम्ही? जिन्यात ऐकलं मी."

तो पडद्यावरचा पोपडा नखानं काढत राहिला. अनुसूया जिन्याच्या तोंडाशी चहाचे कप घेऊन उभी होती. मग तिनं कप खाली ठेवले आणि मला म्हणाली, "तुम्ही तरी इतकी वर्षं पोटात ठेवलंत, इंदूताई!" ती रागावली होती की नाही, मला अजून कळलेलं नाही. यज्ञेश्वरही पुढचे दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. ते मी पत्करलं होतं.

तिसऱ्या दिवशी जाऊन बघते तो दुकानात म्हाताऱ्याची जाळी धुऊन भिंतीला लावलेली, आणि टेबलावर बकुळचं नवीन चित्र. सबंध शर्टभर जंगल. पारंब्या, वेली, पानांत पानं. 'जीनियस' कुठेच नाही.

"शब्द कुठंय?" मी विचारलं.

"शोध," ती म्हणाली.

मी चष्मा लावला. मग वाटीएवढं भिंग घेतलं. खाली, शिवणीजवळ, एका मुळाआड दगड, दगडावर तिळाएवढं 'जीनियस'.

यज्ञेश्वर मागे हात बांधून उभा होता. "गिऱ्हाइकानं दुसरं सांगितलं होतं," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा तो गिऱ्हाइकाशी वाद घालणार होता आणि त्याला धडकी भरली होती.

जनार्दनराव आले, शर्ट डोळ्यांपासून लांब धरला, जवळ धरला. "यज्ञेश्वर, जीनियस कुठंय?"

"आहे त्यात."

"अरे, दिसत कुठंय?"

"जवळ जावं लागतं, जनार्दनराव," यज्ञेश्वर म्हणाला. "लांबून नाही दिसत." शर्ट काही त्यानं परत घेतला नाही. जनार्दनरावांनी पाच मिनिटं शोधलं, सापडल्यावर लहान मुलासारखे ओरडले, आणि मग आपण ओरडलो म्हणून गंभीर चेहरा करून म्हणाले, "ठीक है. पोरांना आवडेल."

शर्ट नऊ छापायचे होते. यज्ञेश्वरनं दहा छापले. दहावा त्यानं रात्री बकुळच्या उशाशी ठेवला. सकाळी तो दुकानात परत टेबलावर होता.

"बाबा, मी गुणवंत नाही," तिनं सांगितलं. "या वर्षी नाही. खोटं कशाला?"

त्यानंतर आठ दिवस ती गच्चीवर पडद्याची डागडुजी करत होती. बाप खालून रंग कालवून द्यायचा, ती वर लावायची आणि संध्याकाळी पडदा गुंडाळून ठेवायची. तालमीला ती येणार की नाही, हे मी विचारलं नाही. अनुसूयेनंही विचारलं नाही. यज्ञेश्वर फक्त रोज संध्याकाळी एकदा गच्चीवर डोकावून खाली यायचा. पाचवा दिवस उजाडेपर्यंत आम्हां तिघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं.

पाचव्या दिवशी आरती झाली. नऊ मुलं जंगलाचे शर्ट घालून स्टेजवर उभी राहिली. नारळ आणि वाट्या बाजूलाच राहिल्या. सगळं मंडळ पुढे सरकून मुलांच्या पोटांवर वाकलं होतं. "मला सापडलं!" "कुठे? इकडे तर पान आहे." "अरे सरळ उभा राहा ना, हसू नकोस, दगड हलतोय!" एक आजी गुणवंताची शिवण हातात धरून त्याला दिव्याखाली घेऊन गेल्या.

त्या गोंधळात मागच्या दारातून बकुळ आली. मागच्या दारातून, पण मधल्या वाटेनं, खुर्च्यांमधून चालत. अंगात ट्रायलवालीचा सदरा. ती चादर कापून तिनं स्वतःच शिवला होता. खांद्यावर घोडा, पोटावर बसचं चाक, पाठीवर अर्धा गणपती, आणि एका बाहीवर तो म्हातारा, जीभ काढून. एका गुणवंत पोरीनं विचारलं, "दीदी, ये कहाँ से लिया?" बकुळ म्हणाली, "घरचाच आहे," आणि संहिता घेऊन विंगेत गेली.

मी तिसऱ्या रांगेत यज्ञेश्वरशेजारी बसले होते. घंटा झाली. दर्शनी पडदा सरला आणि जंगल दिसलं, नव्या हिरव्या रंगात. सवयीनं माझी नजर उजव्या कोपऱ्यात गेली. लिंबाएवढा दगड तिथेच असणार, पण तो खुर्चीवरून दिसत नाही, हे मला ठाऊक होतं.

त्याच्या शेजारी मात्र एक नवा दगड होता. भोपळ्याएवढा. त्यावर लाल अक्षरं, अक्षरांना पिवळी किनार, किनारीला करडी सावली. तिसऱ्या रांगेतून, मोतीबिंदू काढलेल्या माझ्या डोळ्यांनाही स्वच्छ वाचता आलं.

'बकुळ यज्ञेश्वर, नापास.'

मागे कुणीतरी खुदकन हसलं. कुणीतरी "शूऽ" केलं. अनुसूयेनं तोंडाला पदर लावला, तो हसू दाबायला की दुसरं काही, ते दिसलं नाही. पहिल्या रांगेत जनार्दनरावांनी मागे वळून यज्ञेश्वरकडे बघितलं. पुसून घ्यायला सांगतो का, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

यज्ञेश्वर पुढे झुकून, डोळे बारीक करून बघत होता. स्टेजवर एक छोटं हरीण आपलं वाक्य विसरलं होतं, आणि विंगेतून हळू आवाजात कुणीतरी त्याला ते देत होतं.

"अक्षर," यज्ञेश्वर म्हणाला, आणि घसा खाकरून पुन्हा म्हणाला, "अक्षर बरं आहे."